आधी तिच्या घरी जा

प्रश्न असा आला आहे: "आमच्या मंडळीतली एक मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली होती. तीन वर्षांनी परत आली ती गरोदर. लग्न झालेलं नाही. मी तिला संडे स्कूलमध्ये सहा वर्षं शिकवलं आहे. दोन महिने झाले, तिची आई उपासनेला आलेली नाही. महिला मंडळातल्या काही बहिणी म्हणतात की तिच्याकडे जाणं म्हणजे तिच्या पापाला मान्यता देणं. काहींचं म्हणणं, बाळाचा बाप्तिस्माही करू नये. मला वाईट वाटतं आणि खरं सांगायचं तर रागही येतो. करुणा दाखवायची की सत्याची बाजू घ्यायची?"

ताई,

तुमच्या पत्रातलं 'खरं सांगायचं तर रागही येतो' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. हे लिहायला धीर लागतो. मंडळीत आपण राग झाकून ठेवतो आणि त्याला पवित्रतेची काळजी म्हणतो. तुम्ही तसं केलं नाहीत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो. तुमचा राग मायेतून आला आहे. ज्या मुलीकडून आपण तेविसावं स्तोत्र पाठ करून घेतलं, जिला नाताळच्या कार्यक्रमात पुढे उभं केलं, तिचं असं झालं की शिकवणाऱ्याला आपलंच काहीतरी कमी पडलं असं वाटू लागतं. ते वाटणं सोसत नाही, आणि मग त्याचा राग होतो. या रागाची लाज बाळगू नका. मात्र तो घेऊन तिच्या दारात जाऊ नका. आधी प्रभूपुढे ठेवा, मोकळेपणी, अगदी भांडून.

मी ३१ वर्षं पाळक म्हणून सेवा केली, त्यातली बरीचशी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत. असे प्रसंग मी अनेक पाहिले. कुणाची मुलगी पळून गेली, कुणी दारूच्या आहारी गेलं, कुणाचा संसार मोडला, कुणी मंडळीच्या पैशांत घोळ केला. दर वेळी मंडळीची दोन टोकं झाली. एक म्हणे प्रेम करा, दुसरं म्हणे सत्य सांगा. सुरुवातीला मीही यातलं एक निवडायला हवं असं समजत होतो. आता मला वाटतं की इथे निवडीपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे: आधी काय आणि मग काय. क्रम चुकला की खरं बोलणंसुद्धा नुसतं टोचण्यापुरतं उरतं.

तुमच्या मंडळीत जे घडलं आहे ते नव्या कराराच्या पहिल्याच पानावर घडलेलं आहे. एक मुलगी, मागणी घातलेली, लग्नाआधी गरोदर असल्याचं दिसून येतं. आपण ही गोष्ट प्रत्येक नाताळात ऐकतो, त्यामुळे आपल्या मनात देवदूत आधीच येऊन गेलेला असतो. मत्तयाने सांगितलेला क्रम मात्र नीट पाहा. तिची बेअब्रू करायची नाही, गुपचूप सोडायचं, असं तिला मागणी घातलेला योसेफ १९ व्या वचनात ठरवतो. देवदूत स्वप्नात येतो तो २० व्या वचनात. म्हणजे निर्णय घेताना योसेफाला पवित्र आत्म्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. डोळ्यांपुढे जे दिसत होतं ते सगळं मरीयेच्या विरोधात होतं. नियमशास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा २२ वा अध्याय त्याला पाठ असणार, आणि त्यात अशा मुलीला दगडमाराची शिक्षा सांगितली आहे. त्याला स्वतःला लागलं असेल ते वेगळंच. तरीही त्याने पहिली गोष्ट ठरवली ती तिला चारचौघांत उघडं न पाडण्याची.

आणि मत्तय हे कसं सांगतो? तो नीतिमान होता आणि तिची बेअब्रू करण्याची त्याची इच्छा नव्हती. मध्ये 'पण' नाही, 'आणि' आहे. मूळ ग्रीकमध्येही तसंच आहे. मत्तयाच्या लेखी या दोन गोष्टींत ओढाताण नाहीच. तुमच्या मंडळात मात्र 'पण' पुष्कळदा ऐकू येत असेल. "आम्हालाही वाईट वाटतं, पण..." त्या 'पण'च्या पुढे काय काय येतं ते एकदा लक्ष देऊन ऐका.

तुमच्या बहिणी मान्यतेचं म्हणतात त्याचं उत्तर यरीहोत मिळतं. जक्कय हा मुख्य जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. तो ज्या झाडावर चढून बसला आहे त्याखाली येशू थांबतो, त्याला नावाने हाक मारतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लोक लगेच कुरकुरतात की हा पापी माणसाच्या घरी उतरायला गेला. तुमच्या मंडळात बोललं जातं ते हेच वाक्य, दोन हजार वर्षांपूर्वीचं. लूकच्या १९ व्या अध्यायात येशूने जक्कयाला त्याच्या लुबाडणुकीबद्दल एक शब्द सुनावल्याचं लिहिलेलं नाही. चौपट परत करण्याचं जक्कय स्वतः उभा राहून बोलतो, आणि ते बोलतो येशू त्याच्या घरी यायला निघाल्यानंतर. आधी येणं, मग बदल. येशूच्या येण्याने लुबाडणुकीला मान्यता मिळाली असं आज कुणीही म्हणणार नाही.

'दोष काढू नका' हे मत्तयाच्या सातव्या अध्यायातलं वचन दोन्ही बाजू हत्यारासारखं वापरतात, म्हणून त्याबद्दल थोडं. या वचनाचा अर्थ चांगलं-वाईट ओळखूच नका असा होत नाही. त्याच अध्यायात पुढे येशू खोट्या संदेष्ट्यांना फळांवरून ओळखायला सांगतो. पारख करायची आहेच. करायचा नाही तो निवाडा, म्हणजे हे माणूस संपलं, याची जागा आता इथे नाही, असं ठरवून टाकणं. पौल रोमकरांस पत्रात विचारतो की दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण? ती मुलगी तुमची चाकर नाही आणि माझीही नाही.

कुसळ आणि मुसळ आपल्या भाषेत इतकं मुरलं आहे की ज्यांनी पवित्र शास्त्र कधी हातात धरलं नाही तेही ती म्हण वापरतात. मूळ शब्दाचा अर्थ घराची तुळई असा आहे. सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाचं ते उदाहरण. मराठीत तिथे उखळातलं मुसळ आलं आणि चपखल बसलं. पण बहुतेक उपदेश मुसळापाशी थांबतात. माझेही थांबत. येशू कुसळ तसंच राहू द्या असं म्हणत नाही. आधी स्वतःचं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं तो म्हणतो. आता मला सांगा, तुम्ही कुणाच्या डोळ्यातलं कुसळ कसं काढता? हनुवटी हातात धरावी लागते. चेहरा इतका जवळ आणावा लागतो की श्वास लागतो. पदराचं टोक ओलं करून हळूच फिरवावं लागतं. मुख्य म्हणजे समोरच्याने विश्वासाने डोळा उघडा ठेवावा लागतो. रस्त्याच्या पलीकडून कुणाच्या डोळ्यातलं कुसळ निघत नाही, ध्वनिक्षेपकावरून तर मुळीच नाही.

ध्वनिक्षेपकाचं सांगतो, कारण ते माझ्याच हातून झालेलं आहे.

सेवेच्या चौथ्या-पाचव्या वर्षी माझ्या मंडळीत एक गृहस्थ दारू पिऊ लागले. चांगला गाणारा माणूस, पेटी वाजवणारा. एका रविवारी ते झोकांड्या खात उपासनेला आले. वडीलमंडळींची बैठक झाली, त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं ठरलं आणि पुढच्या रविवारी मी ते वेदीजवळून जाहीर केलं. नाव घेऊन. माझ्याकडे वचन होतं, नियम होता, बैठकीचा ठरावही होता. ते पुन्हा आले नाहीत. काही महिन्यांनी कुटुंब गाव सोडून गेलं.

पुष्कळ वर्षांनी एका अंत्यविधीला त्यांच्या पत्नी भेटल्या. त्या रागावल्या नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुम्ही बोललात ते खरंच होतं. पण ते आमच्या घरी येऊन बोलला नाहीत." मग त्यांनी मला माहीत नसलेलं सांगितलं. त्या माणसाची नोकरी आठ महिन्यांपूर्वी गेली होती आणि त्यांनी ती गोष्ट घरात कुणाला कळू दिली नव्हती. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळी परत यायचे. दिवसभर कुठे बसायचं हा प्रश्न होता, आणि बसायला एक जागा मिळाली. मी त्यांच्या घरापासून चार घरं पलीकडे राहत होतो. आठ महिन्यांत एकदाही त्यांच्या ओट्यावर बसलो नव्हतो.

दारू पिणं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण माझा निवाडा अर्ध्या माहितीवर उभा होता आणि उरलेली अर्धी मिळवायची तसदी मी घेतली नव्हती. येशूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या घालून दिल्या आहेत. आधी एकट्याने जा, दोघांतच बोला. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घ्या. त्यानंतर मंडळी. आपल्याकडे ही शिडी उलटी चढतात. आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग दोन-तीन जण भेटून चर्चा करतात, आणि सगळ्यात शेवटी, झालंच तर, त्या माणसाला विचारतात. मी तर शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचलोच नाही.

शिस्तीचा शब्द आला की मला आता गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय आठवतो. कुणी दोषात सापडला तर त्याला सौम्य वृत्तीने पुन्हा नीट करा, असं पौल लिहितो. तिथे त्याने वापरलेलं मूळ क्रियापद मार्काच्या पहिल्या अध्यायातही आहे. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करत होते, तिथे. कोळीवाड्यात जाळं विणताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यातलं मर्म कळेल. फाटलेलं जाळं कुणी फेकून देत नाही आणि फाटकं तसंच समुद्रातही टाकत नाही. ते मांडीवर घेऊन बसतात, एकेक गाठ शोधतात, दुपारच्या दुपार जातात.

शुभवर्तमानात येशूला 'कळवळा आला' असं जिथे येतं तिथला ग्रीक शब्द आतड्यांवरून बनला आहे. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आतडं तुटतं, पोटात कालवतं, असं आपण रोज म्हणतो. येशूच्या दाखल्यांत वाटेवर जखमी पडलेल्या माणसासाठी शोमरोन्याला तोच कळवळा आला आणि घर सोडून गेलेल्या उधळ्या मुलाच्या बापालाही तोच. दोन्ही ठिकाणी तो आला तो पाहिल्यावर. त्या जखमी माणसाला याजक आणि लेवी या मंदिरातल्या सेवकांनीही पाहिलं, पण ते दुसऱ्या बाजूने गेले. बापाने मुलाला दुरून पाहिलं आणि धावत जाऊन अंतर मिटवलं. म्हणून 'माझ्या मनात करुणाच येत नाही, काय करू?' असं जे विचारतात त्यांना मी सांगतो की ती घरी बसून यायची नाही. जवळ जा. तिथे ती येते.

या बाबतीत आपल्याच मातीतलं एक उदाहरण आहे, आणि ते आपण मंडळीत पुरेसं सांगत नाही याची मला खंत आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पतीचं निधन होऊन फार दिवस झाले नव्हते, बरोबर लहानगी मनोरमा होती. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या. त्या भगिनींचं लंडनमधल्या फुलमला एक काम चालत असे. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळायचा. रमाबाईंना ते दाखवायला नेलं. शास्त्रपुराणं मुखोद्गत असलेली ही विदुषी, आणि अशा बायकांसाठी कुणी काही करतं हे ती पहिल्यांदाच पाहत होती. तिथल्या भगिनी त्या स्त्रियांशी ज्या मायेने वागत होत्या ते पाहून त्या हलल्या. हे तुम्ही का करता, असं त्यांनी आपल्याला शिकवणाऱ्या भगिनीला विचारलं. उत्तरादाखल तिने योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवर येशू जिच्याशी बोलला त्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

रमाबाईंना ख्रिस्त जवळचा वाटला तो मोडलेल्या बायकांना जवळ करणाऱ्या हातांमुळे. वादविवादात त्यांना हरवणं तसंही सोपं नव्हतं. पुढे केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन काढलं. नाव पाहा. सुधारगृह नाही, कृपासदन. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, नागवल्या गेलेल्या मुलींना घेऊन आल्या. त्यांतल्या कितीतरी जणींचं काय काय झालं असेल हे कळायला फार विचार करावा लागत नाही. आधी भाकरी, मग औषध, मग अक्षर, मग उद्योग आणि त्याबरोबर प्रभूची गोष्ट. ज्या मराठी मंडळीला असा वारसा आहे, तिने एका गरोदर मुलीच्या घराकडे पाठ फिरवावी हे मला पटत नाही.

आता तुमच्या महिला मंडळाबद्दल. तिच्याविषयीची बातमी तुम्हाला पहिल्यांदा कशी कळली ते आठवा. माझा अंदाज आहे की 'प्रार्थनेची विनंती' म्हणून. "बहिणींनो, अमक्या कुटुंबासाठी फार कळकळीने प्रार्थना करायची आहे," आणि मग डोळे मिटण्याआधी वीस मिनिटं तपशील. हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे, पुरुषांच्या बैठकीतही. ज्या प्रार्थनेत तिचं नाव सगळ्यांना कळतं पण तिच्या घरी कुणी जात नाही, ती प्रार्थना तिच्यापर्यंत पोहोचते ती वेगळ्याच वाटेने. तिची आई दोन महिने का आली नाही याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

अशा तपशिलांत भर पडत जाते हेही ध्यानात ठेवा. उधळ्या मुलाच्या दाखल्यात येशू सांगतो की त्याने उधळेपणाने वागून पैसा उडवला. बस, एवढंच. 'वेश्यांच्या नादी लागून' हे कोण म्हणतो? थोरला भाऊ. तो तर शेतात होता, दूर देशी गेलाच नव्हता. आपल्या मनातलं चित्र त्याने भावाच्या पापात मिसळलं. आणि तो 'माझा भाऊ' म्हणत नाही, बापाला म्हणतो 'हा तुमचा मुलगा'. बाप त्याचं वाक्य उचलून दुरुस्त करतो: 'हा तुझा भाऊ'. तुमच्या मंडळात तिच्याबद्दल बोलताना 'ती त्यांची मुलगी' असं म्हणतात की 'आपली अमकी' असं नावाने, ते बघा. सहा वर्षं ती तुमचीच होती.

आणि एक प्रश्न मला तुमच्या पत्रात कुठेच दिसला नाही. तो पुरुष कुठे आहे? योहानाच्या आठव्या अध्यायात शास्त्री आणि परूशी एका स्त्रीला 'प्रत्यक्ष व्यभिचार करताना' धरून आणतात. लेवीय २०:१० मध्ये दोघांनाही शिक्षा सांगितली आहे. आणलं मात्र एकटीलाच. त्या अंगणात कुणीही विचारलं नाही की दुसरा कुठे गेला. तुमच्या मुलीने काय केलं, तिच्या बाबतीत काय केलं गेलं, तिला लग्नाचं वचन मिळालं होतं का, तिच्यावर जबरदस्ती झाली का, यातलं तुम्हाला आणि मला काहीच माहीत नाही. 'पाप' हा शब्द वापरण्याआधी ते कुणाचं होतं हे तरी कळायला हवं.

त्याच प्रसंगाचा शेवट दोन्ही बाजू अर्धा अर्धा वाटून घेतात. एकांना 'मीही तुला दंड ठरवीत नाही' हवं असतं, दुसऱ्यांना 'ह्यापुढे पाप करू नको'. येशू दोन्ही बोलला, पण कधी? दगड घेतलेले लोक वडीलधाऱ्यांपासून एकेक करून निघून गेल्यावर, ती एकटीच समोर उरल्यावर. गर्दीपुढे तिच्या पापाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, जमिनीवर लिहीत राहिला. हा प्रसंग योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही, हे अभ्यास करणाऱ्यांना माहीत आहे. पण मंडळीने तो सोडला नाही, आणि येशूला ओळखणाऱ्या कुणालाही तो परका वाटत नाही.

म्हणजे तिच्याशी सत्य कधीच बोलायचं नाही का? बोलायचं. पण ती विचारील तेव्हा, दोघीच असताना, आणि तोवर तुम्ही तिच्यासाठी इतकं केलेलं असावं की तुमच्या तोंडून ते ऐकायला तिला भीती वाटू नये. माझा अनुभव असा आहे की अशी माणसं स्वतःच विषय काढतात. स्वतःला ती आपल्यापेक्षा जास्त कडक शब्दांत दोष देत असतात. तेव्हा आपलं काम बहुतेक वेळा कृपेची आठवण करून देण्याचंच उरतं.

एका बाबतीत मी ठाम आहे आणि ते न लिहिता पुढे जाणार नाही. जिथे कुणी कुणाला इजा करतो आहे, मुलांना, बायकोला, मंडळीतल्या एखाद्या मुलीला, तिथे करुणेच्या नावाखाली झाकपाक करायची नाही. तिथे पहिली करुणा ज्याला इजा होते आहे त्याच्यासाठी. 'क्षमा करा आणि विसरा' असं म्हणून मारणाऱ्याच्या घरी बाईला परत पाठवणं हा अन्याय आहे, आणि मंडळ्यांनी तो केलेला आहे. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाळकावरही. तुमच्या मुलीशी बोलताना तिच्यावर बळजबरी झाल्याचं कळलं, तर उपदेश बाजूला ठेवून तिला काय हवं आहे ते विचारा. डॉक्टर, वकील, पोलीस यांपैकी जिथे जायचं असेल तिथे तिच्याबरोबर जा.

बाळाच्या बाप्तिस्म्याबद्दल फार लिहीत नाही. बालकांचा बाप्तिस्मा होतो की समर्पण, हे प्रत्येक मंडळीच्या रीतीवर आहे. पण आईबापाच्या वागण्यासाठी लेकराला दाराबाहेर ठेवायला मला शास्त्रात आधार दिसत नाही. मुलाने बापाच्या अन्यायाचा भार वाहायचा नाही, असं यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे. आणि कुणाला वंशावळीची चिंता असेल तर येशूचीच वंशावळ वाचायला द्या. मत्तयाने तीत मरीयेच्या आधी चार स्त्रिया घेतल्या आहेत: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. प्रत्येकीच्या मागे त्या काळी बायकांच्या पाणवठ्यावर काय काय बोललं गेलं असेल!

आता जायचं कसं, ते. मी तुमच्या जागी असतो तर पुढच्या रविवारची वाट पाहिली नसती. मधल्या वारी, दुपारी, घरातले पुरुष कामावर असताना जा. एकट्याच जा, फार तर एक मैत्रीण, जिच्या पोटात गोष्ट राहते अशी. चार जणींचं शिष्टमंडळ नको, ते चौकशी समितीसारखं दिसतं. हातात पवित्र शास्त्र दिसेल असं धरू नका. डबा धरा. माझी पत्नी अशा वेळी घरचं काहीतरी खायचं करून नेत असे. बाळंतपणानंतर डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू कुणीही नेतं, पण आत्ता, जेव्हा कुणी येत नाही, तेव्हा नेलेल्या डब्याचं मोल वेगळं असतं.

दार बहुधा तिची आई उघडेल. ती आत या म्हणाली नाही तर डबा द्या आणि नमस्कार करून परत या, पुन्हा चार दिवसांनी जा. आत बोलावलं तर बसा. संकटात पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, एक शब्दही न बोलता. त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. 'असं कसं झालं', 'कोण आहे तो', 'आता पुढे काय' हे तीन प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नका. तब्येत कशी आहे, डॉक्टरकडे नाव घातलं आहे का, रक्त कमी तर नाही ना, जेवण जातं का, हे विचारा. तिला रडू आलं तर येऊ द्या. तुम्हाला आलं तरी हरकत नाही. निघताना प्रार्थना करू का असं विचारा आणि नको म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका. केलीत तर छोटी करा, आणि तीत तिच्या पापाची यादी प्रभूला वाचून दाखवू नका.

मंडळात कुणी विचारलं, "काय म्हणत होती?" तर "बरी आहे, तुमचीही आठवण आहे तिला, जाऊन या," एवढंच सांगा. जो तपशील तुमच्याजवळ येईल तो तुमच्यापाशीच राहू द्या. तिने तो तुम्हाला दिला आहे, महिला मंडळाला नाही.

तुमच्या पाळकांशीही बोला, पण भेट झाल्यावर. आणि तिच्या आईसाठी एक कराल का? दोन महिन्यांनंतर त्या बाईला एकटीला मंडळीच्या फाटकातून आत येणं फार जड जाणार. सगळे वळून पाहतील. तिला घ्यायला रविवारी सकाळी तुम्ही घरी जा, बरोबर चालत या, आणि उपासनेत तिच्या शेजारच्या जागेवर तुम्हीच बसा.